गोल्फ कार्टच्या नव्या बॅटऱ्या रुळेपर्यंत : ट्रोजन टी-१०५ संचाचे परीक्षण

गोल्फ कार्टसाठी घेतलेल्या नव्या बॅटऱ्यांविषयी पहिल्याच आठवड्यात मत बनवणे हा त्या बॅटऱ्यांवर अन्याय आहे, कारण या प्रकारची बॅटरी कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिची पूर्ण क्षमता अजून खुललेली नसते. ती रुळावी लागते, आणि रुळण्याच्या काळात तिला कसे चार्ज केले, किती वापरले, तिच्यातल्या पाण्याकडे किती लक्ष दिले, यावर तिचे पुढचे आयुष्य बऱ्याच अंशी ठरते. ४८ व्होल्टच्या कार्टमध्ये बसवलेल्या ट्रोजन टी-१०५ या सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्यांच्या संचाचे हे परीक्षण आहे. संच पूर्ण रुळेपर्यंत वाट पाहून मगच ते लिहिले आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो : जो मालक महिन्यातून एकदा आसन उचलून बॅटऱ्यांची झाकणे उघडून पाहणार आहे, त्याच्यासाठी हा उत्तम संच आहे, ज्याला बॅटरी एकदा बसवून विसरून जायची आहे, त्याने तो घेऊ नये.

ट्रोजन ही १९२५ पासून बॅटऱ्या बनवणारी अमेरिकी कंपनी असून टी-१०५ हे तिचे सर्वांत परिचित मॉडेल म्हणता येईल. बॅटरी द्रवरूप ॲसिडची, म्हणजे पाणी घालावे लागणारी, आणि खोलवर डिस्चार्ज सोसण्यासाठी बनवलेली आहे. मोटारीचे इंजिन सुरू करणारी बॅटरी काही क्षण प्रचंड प्रवाह देते आणि लगेच पुन्हा भरली जाते. कार्टच्या बॅटरीला मात्र तासन्‌तास प्रवाह द्यावा लागतो, म्हणून तिच्या प्लेटा जाड असतात. एका बॅटरीचे वजन सुमारे २८ किलो, त्यामुळे आठ बॅटऱ्यांचा भार सव्वादोनशे किलोंच्या घरात जातो. क्षमता २२५ अँपिअर-तास असल्याचे सांगितले जाते, पण हा आकडा वीस तासांत सावकाश डिस्चार्ज केल्यावरचा आहे. पाच तासांत रिकामी केली तर तीच बॅटरी १८५ अँपिअर-तास देते. कार्टवाल्याने पाहावा असा आकडा तिसराच आहे : ७५ अँपिअरचा सतत भार घातल्यास ११५ मिनिटे. गुणाकार केल्यास हे जेमतेम १४४ अँपिअर-तास होतात. भार जितका जड, तितकी हाती येणारी क्षमता कमी, हा शिशाच्या बॅटरीचा स्वभाव आहे. दोन कंपन्यांच्या बॅटऱ्यांची तुलना करताना एकीचा वीस तासांचा आणि दुसरीचा पाच तासांचा आकडा शेजारी ठेवला तर निष्कर्ष चुकणारच.

आता रुळण्याविषयी. शिशाच्या बॅटरीतील धन प्लेटवर लेड डायॉक्साइड आणि ऋण प्लेटवर स्पंजासारखे सच्छिद्र शिसे असते. प्लेटांवरचा लगदा या रूपात आणण्याचे काम कारखान्यात पहिल्या चार्जिंगच्या वेळी होते, परंतु जाड प्लेटांच्या आतल्या भागापर्यंत ते एका दमात पूर्ण होत नाही. उरलेले काम बॅटरी वापरात आल्यावर, डिस्चार्ज आणि चार्जच्या प्रत्येक चक्रागणिक थोडे थोडे होते. सूक्ष्म छिद्रे खुलत जातात, ॲसिड आतपर्यंत पोहोचते आणि अधिकाधिक पदार्थ कामाला लागतो. ट्रोजनच्याच सांगण्यानुसार बॅटरीच्या प्रकाराप्रमाणे यासाठी ५० ते १२५ चक्रे लागतात आणि तोवर क्षमता मर्यादित असते. या आकड्याचा व्यवहारातील अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. ज्या मैदानावर कार्ट रोज फिरते, तिथे हा टप्पा दोन ते चार महिन्यांत ओलांडला जाईल. जो मालक फक्त आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी कार्ट बाहेर काढतो, त्याची पन्नास चक्रे व्हायलाच साधारण वर्ष लागेल आणि सव्वाशे चक्रांना दोन वर्षांहून अधिक. म्हणजे अशा मालकाच्या बॅटऱ्या कॅलेंडरप्रमाणे जुन्या दिसतील, पण रासायनिक दृष्ट्या अजून रुळतच असतील. ‘नवा संच असूनही कार्ट पूर्वीइतकी लांब जात नाही’ ही जी तक्रार वारंवार ऐकू येते, तिचे उत्तर बहुधा येथेच सापडते.

संच हाती आल्यावर पहिले काम म्हणजे त्याचे वय पाहणे. टर्मिनलवर एक अक्षर आणि एक आकडा ठोकलेला असतो; ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी असे बारा महिन्यांचे बारा क्रम, आणि आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक. आठही बॅटऱ्या एकाच महिन्याच्या असाव्यात हा आग्रह धरावा, कारण मालिकेत जोडलेल्या संचात सर्वांत अशक्त बॅटरी ठरवते की कार्ट कुठे थांबणार. याच कारणाने जुन्या संचात एखादीच नवी बॅटरी घालण्याचा मोह टाळावा. पडून असलेली बॅटरी तापमानानुसार दरमहा ५ ते १५ टक्के चार्ज आपोआप गमावते, आणि दुकानात ती किती काळ पडून होती हे आपल्याला क्वचितच कळते. म्हणून बॅटऱ्या बसवल्याबरोबर कार्ट चालवून पाहण्याचा उत्साह आवरावा. पहिली फेरी पूर्ण चार्ज झाल्यानंतरच.

पाण्याच्या बाबतीत क्रम फार महत्त्वाचा आहे आणि तो सर्वाधिक चुकतो. पहिल्या चार्जच्या आधी झाकणे उघडून फक्त एवढेच पाहायचे, की प्लेटा द्रावणाखाली बुडालेल्या आहेत ना. बुडालेल्या असतील तर पाण्याला हात लावायचा नाही. प्रत्येक बॅटरीत तीन सेल, म्हणजे स्वतंत्र कप्पे, असतात; एखाद्या सेलमध्ये प्लेटा उघड्या पडलेल्या दिसल्या, तर त्या जेमतेम झाकल्या जातील इतकेच डिस्टिल्ड वॉटर घालावे. पूर्ण पातळीपर्यंत पाणी चार्ज संपल्यावर भरायचे असते, कारण चार्जिंगच्या वेळी द्रावण तापून फुगते, त्यात वायूचे बुडबुडे उठतात आणि आधीच काठोकाठ भरलेल्या सेलमधून ॲसिड बाहेर सांडते. सांडलेले ॲसिड नंतर पाण्याने भरून निघत नाही. त्या सेलची ताकद कायमची थोडी कमी होते, शिवाय ट्रे गंजतो तो वेगळाच. चार्ज पूर्ण झाल्यावर भरण्याच्या नळीच्या खालच्या कडेपासून सुमारे ३ मिलिमीटर खाली पातळी ठेवावी. नळाचे किंवा बोअरवेलचे पाणी चालत नाही, कारण त्यातील क्षार प्लेटांवर बसतात. आणि वापरात असलेल्या बॅटरीत ॲसिड कधीही घालू नये, मग ग्रॅव्हिटी, म्हणजे द्रावणाची पाण्याच्या तुलनेतील घनता, कितीही कमी दिसो.

जोडणीबद्दल थोडक्यात : टर्मिनल शिशाचे म्हणजे मऊ असतात. नट सैल राहिला तर तिथे उष्णता निर्माण होऊन टर्मिनल वितळू शकते, आणि जोर लावून आवळला तर ते चिरडते. उत्पादकाने दिलेल्या मापाप्रमाणे टॉर्क पान्याने आवळणे हाच खात्रीचा मार्ग. केबलींची टोके काळवंडलेली किंवा हिरवट पडलेली असतील तर नव्या बॅटऱ्यांना जुन्या केबली जोडू नयेत. पान्याची मूठ इन्सुलेट केलेली असावी आणि हातातील अंगठी, कडे काढून ठेवावे.

या संचाच्या यशापयशात निम्मा वाटा चार्जरचा आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. द्रवरूप ॲसिडच्या बॅटरीला सुरुवातीच्या टप्प्यात तिच्या वीस तासांच्या क्षमतेच्या १० ते १३ टक्के प्रवाह मानवतो. २२५ अँपिअर-तासांच्या टी-१०५ साठी हे २२ ते २९ अँपिअर होतात. बॅटऱ्या मालिकेत असल्याने आठही बॅटऱ्यांमधून तोच प्रवाह वाहतो, त्याला आठने गुणायचे नाही. व्होल्टेज चढत जाऊन प्रत्येक सेलमागे सुमारे २.४५ व्होल्टपर्यंत पोहोचते, म्हणजे चोवीस सेलच्या संचाला ५८.८ व्होल्ट. तेथे ते स्थिर राहते आणि प्रवाह हळूहळू उतरत जातो. हा दुसरा टप्पा कंटाळवाणा वाटला तरी बॅटरीच्या आरोग्याच्या दृष्टीने तोच मोलाचा आहे, कारण शेवटचे काही टक्के भरण्यालाच सर्वाधिक वेळ लागतो, आणि तेवढेच काम रोज अर्धवट राहत गेले तर प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमू लागतात. घाईने प्लग काढून घेणाऱ्यांच्या बॅटऱ्या अकाली मरतात, त्या या कारणाने.

तापमानाकडेही पाहावे लागते. २५ अंश सेल्सिअसपेक्षा प्रत्येक अंश जास्त असल्यास सेलमागे सुमारे ५ मिलिव्होल्ट कमी आणि थंडीत तितकेच जास्त व्होल्टेज द्यायचे असते. चोवीस सेलसाठी दहा अंशांचा फरक म्हणजे १.२ व्होल्ट. हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. कडक उन्हाळ्यात तो न सांभाळणारा चार्जर बॅटरी उकळवतो, आणि थंडीत तोच चार्जर तिला उपाशी ठेवतो. म्हणून बॅटऱ्या बदलताना, जुन्या चार्जरमध्ये द्रवरूप ॲसिडच्या बॅटरीसाठीचीच सेटिंग आहे का आणि तापमानाची भरपाई होते का, हे तपासून घ्यावे. जेल किंवा एजीएम या पाणी न लागणाऱ्या बंद प्रकारच्या बॅटरीसाठी लावलेल्या सेटिंगवर हा संच वर्षानुवर्षे अर्धपोटी राहू शकतो, आणि दोष मात्र बॅटरीच्या माथी येतो.

चार्जरचा हिरवा दिवा लागला म्हणजे बॅटरी भरली, असे मी मानत नाही. खरे उत्तर हायड्रोमीटर, म्हणजे द्रावणाची ग्रॅव्हिटी मोजणारे उपकरण, देतो. टी-१०५ पूर्ण भरल्यावर ग्रॅव्हिटी १.२७७ च्या आसपास यायला हवी. मापण्याआधी हायड्रोमीटर त्याच सेलमधील द्रावणाने दोन-तीन वेळा भरून रिकामा करावा, आणि २७ अंशांच्या वर प्रत्येक साडेपाच अंशांमागे वाचनात ०.००४ मिळवावे, खाली तितकेच वजा करावे. नुकतेच पाणी घातलेल्या सेलचे वाचन विश्वासार्ह नसते, कारण हलके पाणी वरच तरंगत राहते. चार्जिंगचे बुडबुडे उठून ते मिसळल्यानंतरच माप घ्यावे. पहिल्या चार्जनंतर चोवीसही सेलची वाचने एका वहीत, सेलला क्रमांक देऊन, लिहून ठेवली तर पुढे कोणता सेल मागे पडतो आहे हे एका नजरेत दिसते. हायड्रोमीटर नसेल तर निदान मल्टिमीटर वापरावा : चार्जिंग थांबवून आणि भार न देता सहा तासांहून अधिक विश्रांती दिल्यावर पूर्ण भरलेली सहा व्होल्टची बॅटरी ६.३७ व्होल्ट दाखवते आणि निम्मी भरलेली सुमारे ६.०५ व्होल्ट. दोन्हींत फरक किती थोडा आहे पाहा. कार्ट चालू असताना डॅशबोर्डवरच्या काट्याने दाखवलेल्या चार्जवर किती विसंबावे, हे यावरून कळेल.

रुळण्याच्या काळात वापर कसा ठेवावा, याबाबत या संचाने मला निश्चित उत्तर दिले. फेऱ्या लहान ठेवाव्यात, निम्म्यापेक्षा जास्त चार्ज खर्च होऊ देऊ नये आणि वापर झाला त्या दिवशीच रात्रभर पूर्ण चार्ज करावा. आधी पूर्ण रिकामी करून मगच चार्ज करावी, हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांवरून आलेला आहे. शिशाच्या बॅटरीला तसली स्मृती नसते. तिला रिकामी ठेवल्याने फक्त नुकसान होते. सुरुवातीला चढावर व्होल्टेज पटकन खाली येत असे आणि दिवसाच्या शेवटी कार्ट मंदावत असे. सेलांच्या ग्रॅव्हिटीमध्येही थोडी तफावत होती. नियमित चार्जिंगने ही तफावत घटत गेली, चढावरची ओढ सुधारली आणि त्याच वाटेवरून परतताना संचात आधीपेक्षा स्पष्टपणे जास्त चार्ज शिल्लक दिसू लागला. हा बदल एका दिवशी जाणवत नाही. वहीतली जुनी पाने उलटल्यावर दिसतो, आणि मला तो पाहताना फार समाधान वाटले.

इक्वलायझेशन, म्हणजे पूर्ण चार्ज झाल्यावर मुद्दाम जास्त व्होल्टेज देऊन सर्व सेल एका पातळीवर आणणे, हे औषध आहे आणि ते औषधासारखेच द्यावे. सेलांच्या ग्रॅव्हिटीत ०.०३० पेक्षा जास्त अंतर पडले किंवा पूर्ण चार्जनंतरही वाचन १.२५० च्या खाली राहिले, तरच त्याची गरज आहे. ते चालू असताना दर तासाला ग्रॅव्हिटी मोजावी आणि वाचन वाढायचे थांबले की बंद करावे. नव्या संचाला केवळ ‘लवकर रुळावा’ म्हणून वरचेवर इक्वलायझेशन देणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्याने पाणी उडते, धन प्लेटा झिजतात आणि रुळण्याचा वेग वाढत नाही.

चार्जिंगची जागा हवेशीर असलीच पाहिजे. शेवटच्या टप्प्यात बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते. झाकणे चार्जिंगच्या वेळी घट्ट लावलेली असावीत, जवळपास कोणी धूम्रपान करू नये, डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे असावेत. सांडलेले ॲसिड मारण्यासाठी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून वापरावा, मात्र तो सेलमध्ये जाणार नाही याची काळजी घ्यावी. बरेच दिवस कार्ट उभी राहणार असेल तर संच पूर्ण भरून मुख्य स्विच बंद करावा आणि चार्ज ७० टक्क्यांवर येण्याआधी पुन्हा भरावा. अतिथंड प्रदेशात हे आणखी निकडीचे आहे, कारण पूर्ण भरलेले द्रावण उणे ५० अंशांनाही गोठत नाही, पण रिकाम्या बॅटरीतील पातळ झालेले द्रावण पाण्याच्या गोठणबिंदूच्या थोडेच खाली गोठून बॅटरीची पेटी फोडू शकते.

या जातीच्या बॅटऱ्यांच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. वजन फार आहे. खोल डिस्चार्जनंतर पूर्ण चार्जला आठ ते दहा तास लागतात, त्यामुळे दुपारी तासभर चार्ज करून पुन्हा दिवसभर फिरण्याची अपेक्षा करता येत नाही. पाण्याची गरज वयाबरोबर वाढत जाते आणि आसनाखालच्या आतल्या रांगेतील सेलपर्यंत हात पोहोचणे कष्टाचे असते. एकाच नळीतून सर्व सेलना पाणी देणारी जोडणी घेणे म्हणून मला खर्चिक चैन वाटत नाही. एजीएम बॅटरीला पाणी लागत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी तर वजनाने कितीतरी हलकी असते, तिला रुळावे लागत नाही आणि अर्धवट चार्जचा तिला त्रास नाही. मात्र तिला तिचाच चार्जर लागतो आणि सुरुवातीचा खर्च मोठा असतो. ज्याच्याकडे देखभालीला माणूस नाही, त्याने तिकडे वळणे योग्य ठरेल. ज्याच्याकडे चांगला चार्जर, हायड्रोमीटर आणि थोडी शिस्त आहे, त्याला टी-१०५ चा संच घेतल्याचा पश्चात्ताप होणार नाही.

संच रुळला की नाही हे ठरवण्यासाठी एक चाचणी करून घ्यावी, असे सुचवतो. पूर्ण चार्ज करून विश्रांती दिलेल्या संचावर ७५ अँपिअरचा स्थिर भार लावायचा आणि व्होल्टेज सेलमागे १.७५, म्हणजे संचाचे ४२ व्होल्ट, होईपर्यंत किती मिनिटे लागतात ते मोजायचे. अशी चाचणी करणारे यंत्र चांगल्या बॅटरी दुरुस्तीवाल्यांकडे असते. चाचणी संपताच संच विनाविलंब चार्जला लावावा. आलेली मिनिटे ११५ च्या जवळ असतील तर संच रुळला आहे. बरीच कमी असतील तर आधी वहीतील ग्रॅव्हिटीची वाचने आणि चार्जरची सेटिंग तपासावी, काही आठवडे नियमित पूर्ण चार्ज देऊन चाचणी पुन्हा करावी, आणि तरीही सुधारणा नसेल तर वही घेऊन वॉरंटीसाठी विक्रेत्याकडे जावे.